ओडेसाचे मार्क क्रेइन आणि वजा चिन्हाचे गणित



या अंकासाठी आम्ही घेतलेला विषय पाहून काही वाचक लगेच पान उलटतील, याची आम्हांस कल्पना आहे. गणिताचा इतिहास, आणि तोही एका परिचारिकेने लिहायचा! आमचे गणित कुलाबा जिल्ह्यातील मराठी शाळेत झाले. काटकोन, लंब, वर्ग आणि वर्गमूळ एवढ्या शिदोरीवर आम्ही इस्राएलला आलो आणि पुढचे सारे आयुष्य वॉर्डात काढले. तरीही हे धाडस करीत आहोत, कारण एका आजारी माणसाने आम्हांला एक नाव सांगितले होते आणि ते नाव आपल्या लोकांना ठाऊक असावे असे आम्हांला फार दिवसांपासून वाटते.

गोष्ट १९९१ सालची. त्या वर्षी सोविएत देशांतून आलेल्या ओलीमांनी आमचे गाव भरून गेले होते आणि आमचा वॉर्डही. त्यांत ओडेसाचे एक वृद्ध गणित-शिक्षक होते. आम्ही त्यांचा इनटेक-आउटपुट चार्ट भरीत असू. दिवसभरात पोटात गेले २,००० मिलिलीटर, बाहेर पडले २,०००, बाकी शून्य. शेजारच्या खाटेवरील रोग्याच्या पोटात त्या पाळीत काहीच गेले नव्हते आणि लघवीही अजिबात झाली नव्हती. त्याचीही बाकी शून्य. पण त्याच्यासाठी आम्ही डॉक्टरांना धावत बोलावले होते. म्हातारबाबा मोडक्यातोडक्या हिब्रूत म्हणाले, "अहोत, दोन्ही कागदांवर शून्य आहे, पण माझे शून्य निराळे आणि त्याचे निराळे. आमच्या ओडेसात एका माणसाने जन्मभर अशाच शून्यांचा अभ्यास केला." त्या माणसाचे नाव मार्क ग्रिगोर्येविच क्रेइन.

पुढे सेवानिवृत्तीनंतर आम्ही या नावाचा शोध घेतला. आमचा पुतण्या इंजिनिअर आहे. त्याने कागद-पेन्सिल घेऊन अनेक शब्बाथांच्या संध्याकाळी, आवदाला झाल्यावर, आम्हांला हे गणित उलगडून दाखविले. त्यातून जे समजले ते येथे देत आहोत.

शाळेत आपण शिकलो की काटकोन त्रिकोणात दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज केली की कर्णाचा वर्ग मिळतो. म्हणजे लांबी मोजताना आपण वर्गांची बेरीज करतो आणि उत्तर कधी शून्याखाली जात नाही. लांबी शून्य आली तर रेघच नाही असे समजावे. या मोजणीतील बेरजेच्या जागी एके ठिकाणी वजाबाकी आणली तर काय होईल? (५, २) या जोडीच्या लांबीचा वर्ग २५ अधिक ४ नव्हे, तर २५ वजा ४, म्हणजे २१. (२, ५) चा वर्ग मात्र उणे २१. आणि (१, १) चा? १ वजा १, म्हणजे शून्य. रेघ तर डोळ्यांसमोर आहे आणि तिची लांबी शून्य! आमच्या चार्टवरील दोन हजारांच्या बाकीसारखेच हे झाले. अशा मोजणीच्या जगाला गणिती लोक अनिश्चित चिन्हाचे अवकाश म्हणतात.

ही नुसती करमणूक नव्हे. २१ सप्टेंबर १९०८ रोजी जर्मनीतील कोलोन शहरी हर्मान मिंकोव्स्की यांनी अवकाश आणि काळ या विषयावर व्याख्यान दिले. मिंकोव्स्की हे कौनासजवळ १८६४ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाला त्यांनी त्या दिवशी भूमितीचे रूप दिले. त्या भूमितीत लांबी, रुंदी व उंची यांचे वर्ग एका चिन्हाने येतात आणि काळाचा वर्ग उलट चिन्हाने. प्रकाशाचा किरण ज्या रेघेने जातो तिची लांबी तेथे शून्य असते. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच, १२ जानेवारी १९०९ रोजी, अपेंडिसायटिसने मिंकोव्स्की गेले. वय अवघे ४४. ज्या आजाराचे रोगी आम्ही शेकड्यांनी हिंडते-फिरते करून घरी पाठविले, त्याच आजाराने हा माणूस गेला, हे वाचून आम्हांला फार हळहळ वाटली.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गणितात ऑपरेटर नावाची वस्तू आहे. वैद्यकातील ऑपरेशनशी तिचा संबंध नाही. एक जोडी दिली की नियमाने दुसरी जोडी करून देणारे ते यंत्र समजावे. त्यांतील काही ऑपरेटरांना सेल्फ-अ‍ॅडजॉइंट म्हणतात. दोन जोड्या घ्या. पहिलीवर यंत्र चालवून तिचा दुसरीशी गुणाकार करा, किंवा दुसरीवर यंत्र चालवून तिचा पहिलीशी गुणाकार करा. उत्तर एकच आले पाहिजे. दोन्ही बाजूंना सारखा न्याय, असे म्हणा ना. भोवऱ्याचे डोलणे, पुलाचे कंप, अणूतील ऊर्जा यांच्या अभ्यासात असले ऑपरेटर पदोपदी भेटतात.

साध्या, म्हणजे बेरजेच्या, जगात हे ऑपरेटर फार सालस असतात. प्रथम अशी एक रेघ शोधावी की जी यंत्रातून गेली तरी आपली दिशा सोडीत नाही. मग त्या रेघेला लंब असलेला भाग घ्यावा. यंत्र त्या भागातील वस्तू त्याच भागात ठेवते, म्हणून ते तेवढ्यापुरते मर्यादित करता येते. गणिती लोक अशा भागाला उपअवकाश म्हणतात. तेथे पुन्हा एक रेघ शोधावी आणि असेच पुढे जावे. एक खोली आवरून दार लावले आणि पुढच्या खोलीकडे गेले, तसे सारे घर लागते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गोटिंगेन येथे डेव्हिड हिल्बर्ट यांनी ही रीत अनंत खोल्यांच्या घरापर्यंत नेली.

वजाबाकीच्या जगात हीच रीत अडते. कशी ते वाचकांनी स्वतः करून पाहावे. त्याला वजाबाकीपलीकडे काही लागत नाही. एक यंत्र घ्या: जोडीतील पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा आणि आलेले उत्तर दोन्ही जागी लिहा. (५, २) ची झाली (३, ३). (४, ३) ची झाली (१, १). आता न्याय तपासू. (३, ३) व (४, ३) यांचा या जगातील गुणाकार १२ वजा ९, म्हणजे ३. (५, २) व (१, १) यांचा गुणाकार ५ वजा २, म्हणजे ३. दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे यंत्र सेल्फ-अ‍ॅडजॉइंट आहे. दिशा न सोडणारी रेघ शोधली तर एकच सापडते, (१, १) ची; यंत्र तिला शून्यावर नेते. ठीक, ती खोली आवरली. आता तिला लंब असलेला भाग घेऊ. (१, १) शी गुणाकार शून्य यायचा, तर पहिला आकडा वजा दुसरा आकडा शून्य पाहिजे. म्हणजे दोन्ही आकडे सारखे पाहिजेत. म्हणजे पुन्हा तीच रेघ! ती स्वतःलाच लंब आहे. आपण दार लावून पुढच्या खोलीत जायला निघालो आणि त्याच खोलीत परत आलो; दुसरी खोली कायमची हातची गेली. यंत्र दोनदा चालविले तर (५, २) ची (३, ३) आणि (३, ३) ची (०, ०) होते. साध्या जगातील सालस यंत्राचे असे कधीच होत नाही. तेथे दोनदा चालविल्यावर सारे शून्य होत असेल, तर ते पहिल्याच वेळी शून्य झालेले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक भाग असा दगा देत नाही. (२, १) ची रेघ घ्या. तिचा वर्ग ४ वजा १, म्हणजे ३. तिला लंब (१, २), तिचा वर्ग उणे ३. दोन रेघा वेगळ्या आहेत आणि दोघी मिळून सारी जागा व्यापतात. ज्या भागात सर्वांचे चिन्ह एकच असते, तेथे मर्यादित केलेला ऑपरेटर जुन्या शहाण्यासारखा वागतो. म्हणून या जगात ऑपरेटर एखाद्या भागापुरता आखडायचा असेल तर आधी त्या भागातील चिन्हे तपासावी लागतात. साऱ्या घराचा हिशेब चांगला आहे, एवढ्यावर एका खोलीचा भरवसा धरता येत नाही.

मग जेथे चिन्हे मिसळलेली आहेत तेथे काय करावे? याचे पहिले मोठे उत्तर लेव पोंत्र्यागिन यांनी दिले. मिंकोव्स्कींचे व्याख्यान झाले त्याच महिन्यात, ३ सप्टेंबर १९०८ रोजी, त्यांचा मॉस्कोत जन्म झाला. चौदाव्या वर्षी स्टोव्हच्या स्फोटाने त्यांची दृष्टी गेली. त्यांची आई तात्याना आंद्रेयेव्ना शिवणकाम करून घर चालवी. गणिताचे तिला काही शिक्षण नव्हते. पण तिने मुलाला गणिताची पुस्तके मोठ्याने वाचून दाखविली, आणि जी चिन्हे ठाऊक नव्हती त्यांना ती दिसतील तशी स्वतःची नावे दिली. स्टोव्हने भाजलेली पोरे वॉर्डात आली की त्यांच्या आया कशा खाटेला चिकटून बसत ते आम्ही पाहिले आहे. या आईला आमचा नमस्कार.

महायुद्धाच्या काळात सेर्गेई सोबोलेव या गणितज्ञांनी एक प्रश्न हाती घेतला होता: पोकळीत द्रव भरलेला भोवरा स्थिर फिरेल की नाही? गृहिणींना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. उकडलेले अंडे ताटात फिरविले तर गरगर फिरते, कच्चे अंडे डगमगते, कारण आतला द्रव बरोबर फिरत नाही. त्या हिशेबात एक दिशा वजा चिन्हाची निघाली. सोबोलेव यांचे ते काम १९६० सालापर्यंत छापले गेले नाही. पण त्यावरून प्रेरणा घेऊन पोंत्र्यागिन यांनी १९४४ साली सर्वसाधारण सिद्धांत प्रसिद्ध केला. वजा दिशा मोजक्या असतील, समजा तीन, तर सेल्फ-अ‍ॅडजॉइंट ऑपरेटरला बरोबर तीन मापांचा असा एक भाग सापडतोच की ज्यात कोणाचाही वर्ग शून्याच्या वर नाही आणि ज्यातून ऑपरेटर काही बाहेर जाऊ देत नाही. म्हणजे दुखणे कितीही अवघड असले तरी ते शरीरभर पसरलेले नाही. ते ठराविक मापाच्या जागेत आहे आणि ती जागा दाखविता येते. आमच्या लहान उदाहरणात वजा दिशा एक, आणि (१, १) ची रेघ हाच तो भाग.

आता क्रेइन यांच्याकडे येऊ. त्यांचा जन्म ३ एप्रिल १९०७ रोजी कीव्ह येथे ज्यू कुटुंबात झाला. सतरा वर्षांचे असताना घर सोडून ते ओडेसाला आले. सर्कशीत कसरतपटू व्हायचा त्यांचा बेत होता अशी गोष्ट सांगितली जाते. सर्कशीऐवजी त्यांना निकोलाय चेबोतार्योव हे गुरू भेटले आणि विद्यापीठाची पहिली पदवी नसतानाच ते संशोधनाला लागले. १९३० नंतरच्या दशकात ओडेसा विद्यापीठात त्यांनी विद्यार्थ्यांची अशी फळी उभी केली की त्या शहराचे नाव गणिताच्या जगात झाले. १९३९ साली ते युक्रेनच्या विज्ञान अकादमीचे पत्रव्यवहारी सदस्य झाले. पूर्ण सदस्यत्व त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही.

युद्ध ओसरून १९४४ साली ते ओडेसाला परतले आणि लवकरच विद्यापीठातून त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांच्यावर ज्यू राष्ट्रवादाचा ठपका होता. युद्धापूर्वी त्यांच्या विद्यार्थ्यांत ज्यू फार होते, हे त्यामागचे कारण मानले जाते. पुढे ते सागरी अभियंत्यांच्या संस्थेत आणि नंतर बांधकाम अभियांत्रिकीच्या संस्थेत शिकवीत राहिले. मोठे विद्यापीठ गेले, तरी त्यांनी काम सोडले नाही. वाचकहो, ज्या वर्षी पोंत्र्यागिन यांचा सिद्धांत छापला गेला, त्याच वर्षी क्रेइन यांची जागा गेली.

तरी त्यांनी तो सिद्धांत हातात घेतला आणि १९५० साली एका निराळ्या वाटेने त्याचा विस्तार केला. गावाचा नकाशा त्याच गावात जमिनीवर पसरला, तर नकाशातील एक ठिपका आपल्या खऱ्या जागेवरच बसलेला असतो. अशा स्थिर बिंदूच्या तत्त्वाने त्यांनी ऑपरेटर ज्याला हलवीत नाही असा भाग शोधून काढला. योसिफ योख्विदोव या शिष्याबरोबर त्यांनी या विषयाची सविस्तर मांडणी केली. चिन्हे तपासण्याचा त्यांनी मोठा उपयोगही दाखविला. एखाद्या यंत्रातील दोन कंपनांची गती जुळून आली की ते मोडेल का? क्रेइन यांनी दाखविले की त्या कंपनांच्या भागापुरता हिशेब आखडून चिन्हे पाहावी. सर्व चिन्हे एकच असतील तर थोड्याशा धक्क्याने स्थैर्य जात नाही. चिन्हे विरुद्ध असतील तर जाऊ शकते. ज्या अवकाशांत दोन्ही चिन्हांच्या दिशा अनंत असू शकतात, त्यांना आज जगभर क्रेइन अवकाश म्हणतात. एका चिन्हाच्या मोजक्याच असतील तर पोंत्र्यागिन अवकाश.

याच सुमारास भारतात जन्मलेल्या एका शास्त्रज्ञाचे नाव येथे येते, हे सांगताना आम्हांला आनंद होतो. प्रकाशाचे पुंजगणित मांडताना काळाच्या दिशेमुळे वजा चिन्ह येई आणि संभाव्यता शून्याखाली जाई; असे तर होऊच शकत नाही. १९५० साली सूरज गुप्ता आणि स्वित्झर्लंडचे कोनराड ब्लॉयलर यांनी स्वतंत्रपणे मार्ग काढला. एक अट घालून साऱ्या अवकाशातील एवढाच भाग ठेवायचा की ज्यात वजा लांबीचे काही उरत नाही. शून्य लांबीच्या अवस्था उरतात, पण त्यांच्यामुळे प्रयोगाच्या उत्तरात फरक पडत नाही, म्हणून त्या बाजूला काढता येतात. उपअवकाशापुरते मर्यादित होण्याचे याहून सुंदर उदाहरण आमच्या वाचनात नाही.

पोंत्र्यागिन यांच्याविषयी एक कटू गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९७० नंतरच्या वर्षांत त्यांच्यावर ज्यू-द्वेषाचे आरोप झाले. ते त्यांनी नाकारले. आम्ही न्यायाधीश नव्हे. एवढेच म्हणतो की अंध मुलाने काढलेली वाट आणि हाकलून दिलेल्या ज्यू शिक्षकाने पुढे बांधलेला रस्ता ही आज एकाच विषयाची दोन प्रकरणे आहेत.

क्रेइन यांच्या शिष्यांपैकी एक आपल्या देशात आले. इस्राएल गोहबर्ग यांचा जन्म १९२८ साली बेसाराबियातील तारुतिनो या गावी झाला. वडिलांचा लहानसा छापखाना होता आणि आई सुईण होती, हे वाचून आम्हांला आमच्याच बिरादरीतले कोणी भेटल्यासारखे झाले. क्रेइन यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले व मोठे ग्रंथ लिहिले. १९७४ साली ते आलिया करून तेल अवीव विद्यापीठात आले. पीटर लँकेस्टर व लेबा रॉडमन यांच्यासह त्यांनी अनिश्चित चिन्हाच्या गुणाकाराच्या मॅट्रिक्सांवर लिहिलेला ग्रंथ १९८३ साली निघाला. आमच्या उदाहरणातील यंत्रासारख्या यंत्रांची व त्यांच्या चिन्हांची व्यवस्थित वर्गवारी त्यात सापडते. १२ ऑक्टोबर २००९ रोजी रानाना येथे ते वारले.

गुरूंना मात्र येता आले नाही. १९८२ साली इस्राएलचे वुल्फ पारितोषिक गणितासाठी हॅस्लर व्हिटनी आणि मार्क क्रेइन यांना मिळून देण्यात आले. क्रेइन तेव्हा ७५ वर्षांचे होते. सोविएत सरकारने १९६७ साली इस्राएलशी संबंध तोडले होते, आणि पारितोषिकाच्या समारंभाला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. त्या वर्षी आम्ही या देशात नव्या परिचारिका होतो. आमची चिठ्ठीचपाटी मुंबईहून येई, आईच्या हातचे लोणचे कोणाबरोबर तरी येई. जाण्यायेण्याचे दार आम्हांला उघडे होते. म्हणून बंद दार म्हणजे काय हे आम्हांला तेव्हा उमगले नाही. ते त्या म्हातारबाबांनी आम्हांला सांगितले. त्यांचे शब्द असे होते: "त्यांना बोलावणे आले होते. त्यांची जागा तेथे होती. फक्त ते नव्हते."

क्रेइन १७ ऑक्टोबर १९८९ रोजी ओडेसात वारले. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९१ मध्ये, इस्राएल व सोविएत सरकारचे संबंध पुन्हा जुळले. २००७ साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ओडेसात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. आणि १४ जानेवारी २००८ रोजी ओडेसा विद्यापीठाच्या मुख्य इमारतीवर त्यांच्या नावाची पाटी लावण्यात आली. ज्या विद्यापीठाने त्यांना दार दाखविले, त्याच्याच भिंतीवर!

आमचे म्हातारबाबा ती पाटी पाहायला उरले नव्हते. त्यांनी आमच्या चार्टच्या मागे पेन्सिलीने काढलेली रेघ आणि तिच्याजवळ लिहिलेले (१, १) आम्हांला आजही आठवते. त्यानंतर चार्टवर शून्य लिहिताना आमचा हात नेहमी क्षणभर थांबत असे. हे शून्य काहीच नसल्याचे आहे की दोन मोठ्या आकड्यांचे, ते पाहून मगच आम्ही पुढच्या खाटेकडे वळत असू. नव्या मुलींनाही आम्ही तेच शिकविले.